नातीच्या कागदातले चौदा महिने

माझं नाव द्वारका. वय सत्तरीच्या पुढे, नक्की किती ते आधार कार्डावर हाय आणि तेही चुकीचं हाय, कारण लिहून घेणाऱ्याने अंदाजाने तारीख टाकली आणि मी म्हटलं टाक. जन्म पोयनाडच्या बाजूचा, लग्न होऊन आले ते अलिबागच्या या अंगाला. समुद्र इथून दिसत न्हाय, पण खारा वारा येतो आणि खिडकीचे गज खाऊन टाकतो. शाळा चौथीपर्यंत, कारण गावात शाळाच तेवढी होती, पाचवीला खाडीपलीकडे जायला लागायचं आणि तिकडे मुलगेच जायचे. मला वाचता येतं, लिहिता येतं, अंगठा कुठे लावला न्हाय. हे पहिलंच सांगून ठेवते, कारण मी इंटरव्ह्यूबद्दल बोलायला लागले की लोक हसतात, म्हणतात या म्हातारीला कॉम्प्युटरमधलं काय कळतं. काही कळत न्हाय. पण सहा महिने माझी नात ज्या पडवीत बसून इंटरव्ह्यू देत होती त्याच पडवीत मी कांदे घेऊन बसलेली होते, आणि तिथे जे काय चालतं ते बघून माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं न्हाय.

आमचं काम पांढऱ्या कांद्याचं. भात कापलं की त्याच जमिनीत कांदा लावायचा, थंडी सरता सरता काढायचा, पातीसकट वाळवायचा आणि पातीची वेणी घालत घालत माळ विणायची. माळ बायकाच विणतात. पुरुषांना जमत न्हाय असं न्हाय, ते बसत न्हायत. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने शिकवलं, पात फार वाळली तर तुटते, ओली राहिली तर कुजते, मधली वेळ हाताला कळली पाहिजे. तेव्हापासून विणते. मग रस्त्यावर मांडव घालून बसायचं, मुंबईची माणसं गाड्या थांबवतात, माळ हातात घेतात, वास घेतात आणि विचारतात खरा अलिबागचा हाय ना. सगळेच विचारतात. काय सांगू तुम्हाला, उभा जन्म मी या एका प्रश्नाला व्हय व्हय म्हणत आले.

घरात मुलगा प्रकाश, एसटीत ड्रायव्हर, आज मुरूड तर उद्या पनवेल. सून सुनंदा अंगणवाडीत मदतनीस. आणि त्यांची एकुलती एक मुलगी रुचिता. इंजिनियर झाली, पनवेलकडे कॉलेज केलं, रोज पहाटेची गाडी पकडून. मग नवी मुंबईत एका कंपनीत लागली. काय करतेस विचारलं तर म्हणाली, आजी, माणसं आजारी पडली की विम्याचा फॉर्म भरतात ना, तो फॉर्म पुढे कुठे जातो, कोण तपासतो, ते सगळं आपोआप व्हावं म्हणून आम्ही प्रोग्राम लिहितो. मला एवढं समजलं. अडीच वर्षं तिने ते काम केलं, चांगलं करत होती, साहेब तिच्यावर खूश होते, हे ती म्हणाली म्हणून न्हाय तर सुट्टीच्या दिवशी सुद्धा तिला फोन करायचे यावरून मला कळलं. कामचुकाराला सुट्टीत कोण फोन करतो.

मग मी पडले. विहिरीच्या कडेला शेवाळ होतं, मला माहीत होतं, तरी गेले. खुब्याचं हाड मोडलं. आत पट्टी घालून शिवलं, चार महिन्यांनी आतून पू झाला, परत उघडलं, परत शिवलं. मी झोपून. प्रकाशची ड्युटी, सुनंदाची अंगणवाडी, तिने घरी बसायचं म्हटलं तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार. रुचिताने कंपनीत विचारलं, घरून काम करू का, तर कंपनीने नेमकं तेव्हाच सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलेलं. तिने राजीनामा दिला. मला विचारलं न्हाय. विचारलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या, म्हणूनच विचारलं न्हाय. बॅग घेऊन आली आणि माझ्या खाटेशेजारी उभी राहिली, मी म्हटलं, कशाला आलीस गं मरायला, ती म्हणाली, तू मरू नयेस म्हणून, आता कुशीवर हो.

चौदा महिने. माझं हगणंमुतणं तिने काढलं, हे मी लाजून सांगत न्हाय, काढलं ते काढलं. दुसऱ्या वेळेला कापायचं की थांबायचं यावर डॉक्टर एक बोलत होते आणि दुसरे डॉक्टर दुसरं, प्रकाश नुसता मान हलवत होता, तेव्हा हीच पोरगी कागद घेऊन बसली, चार प्रश्न काढले, दोघांना तेच चार विचारले आणि म्हणाली, कापायचं. म्हणून मी आज तुमच्यासमोर पाटावर बसलेली हाय. दुपारी मी झोपले की ती लॅपटॉप उघडून शिकत बसायची, कॉम्प्युटरची नवीन भाषा की काय ती. आणि त्यातच तिने आमच्या बचत गटातल्या बायकांसाठी एक प्रोग्राम बनवला, मुंबईच्या लोकांनी फोनवरच माळ बघायची, निवडायची आणि मग येऊन घेऊन जायची.

मी काठी घेऊन परसापर्यंत जायला लागले, तशी ती नोकरी शोधायला लागली. आणि इथून सगळा वैताग सुरू झाला.

पहिली गोष्ट म्हणजे सगळ्यांचा एकच प्रश्न, हा गॅप का. गॅप म्हणजे मधली रिकामी जागा, असं तिने मला सांगितलं. रिकामी. मी चौदा महिने त्या रिकाम्या जागेत पडलेली होते, माझं वजन काही कमी न्हाय. पण कंपन्यांना ती जागा दिसली की पुढचं वाचतच न्हायत. अर्ज पाठवते, उत्तर न्हाय. पाठवते, उत्तर न्हाय. मग ती फोनवर सल्ल्याचे व्हिडिओ बघायला लागली. मी पण ऐकायचे, कानावर पडतंच. एक टाय लावलेला मुलगा सांगत होता, तुमच्यात दोष काय असं विचारलं तर असा दोष सांगा की तो गुण वाटेल, सांगा की मी कामात फार बारकाईने बघते, मला अर्धवट सोडवत न्हाय. मी म्हटलं बंद कर ते. माझ्याकडे कांदा काढायला आलेली बाई असं बोलली तर मी तिला बांधावरूनच परत पाठवीन. दोष विचारला तर दोष सांगावा, मी भराभर काढते पण पात तुटते, असं सांगितलं की मला कळतं हिला कुठल्या वाफ्यात घालायची. बाकीच्या व्हिडिओतही तसलंच, नुसतं हसत राहा, सरळ बसा, डोळ्यात बघा, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल ते ठासून सांगा. पाच वर्षांनी कोण कुठे असेल हे त्या विचारणाऱ्याला तरी माहीत हाय काय.

तरी व्हिडिओ परवडले, ते घरी येत न्हायत. मग तिला ते सर भेटले. नाव सांगत न्हाय. खारघरच्या बाजूला त्यांचा क्लास, इंटरव्ह्यूची तयारी करून देतो म्हणून. आमच्याच गावातला नितेश त्यांच्याकडे जाऊन पुण्याला मोठ्या कंपनीत लागला होता, त्याच्या आईने पेढे वाटले होते, ते पेढे खाऊन प्रकाश म्हणाला, रुचू, तू पण जा. सरांनी तिचा कागद बघितला आणि म्हणाले, हे चौदा महिने असे ठेवायचे न्हायत. आजी पडली, सेवा केली, हे तर अजिबात लिहायचं न्हाय, मुलीच्या मागे घरची जबाबदारी हाय असं दिसलं की कंपनी घेत न्हाय. आपण एका कंपनीचं पत्र देतो, त्या चौदा महिन्यांत तू तिथे होतीस. ती कंपनी कुठे हाय, तर कागदावर हाय. आणि इंटरव्ह्यूला भ्यायचं न्हाय, आमचा एक मुलगा फोनवरून तुझ्या कानात उत्तरं सांगत राहील, तू तीच म्हणायची.

रुचिता हे सगळं मला सांगत होती तेव्हा खाली बघत होती. मी विचारलं, तुला पटतंय. ती म्हणाली, आजी, सगळे हेच करतात, मी एकटी खरं लिहून चाळणीत अडकून बसलेय. मी म्हटलं, मग माझं हाड कुणी बरं केलं, त्या कंपनीने. तिला रडू आलं. मला काही आलं न्हाय, मला राग आला, आणि तो बाहेर काढायला दोन दिवसांनी सर स्वतःच दारात आले.

बायकोमुलांना घेऊन नागावला समुद्रावर चालले होते, जाता जाता पत्रावर रुचिताची सही घ्यायला थांबले. मोठी गाडी, काळा चष्मा. बसले, चहा घेतला, आणि पडवीत टांगलेल्या माळा बघून बायकोला म्हणाले, घेऊया का. एक माळ खाली काढली, उलटी केली, बुडाचे कांदे चाचपले आणि मला विचारलं, मावशी, खरा अलिबागचाच आहे ना, हल्ली बाहेरचा आणून विकतात म्हणे, फसवणूक फार वाढलीय.

तुम्हीच सांगा, मी गप्प बसायला हवं होतं काय. मी म्हटलं, बाहेरचा ओळखायचा असेल तर माळ झटकून बघा. बाहेरचा कांदा गोणीतून येतो, त्याची पात छाटलेली असते, त्याला विणता येत न्हाय, खऱ्यांच्या पातीत नुसता खोचलेला असतो, झटकला की पडतो. झटका, बघा काही पडतंय काय. आणि मग ते तुमच्या हातातलं पत्र पण झटकून दाखवा मला, त्यातलं काय काय पडतं ते बघू.

सरांचं तोंड उतरलं. त्यांची बायको फोनमध्ये बघायला लागली. आणि प्रकाश उठला. माझा मुलगा, माझ्या पोटचा. म्हणाला, आये, तू मधी बोलू नको, तू चौथी शिकलेली, तुला यातलं कळत न्हाय. आणि खरं खोटं तू कुणाला शिकवते, त्या वर्षी तू गोणीतला कांदा खोचला व्हतास ना माळांमदी, मी लहान व्हतो पण बघितलं व्हतं मी.

काय सांगू तुम्हाला. केलं होतं मी ते. एका वर्षी अर्धा कांदा वाफ्यातच कुजला होता, अवकाळी पाऊस पडला होता, आणि मी पेणच्या बाजारातून दोन गोणी आणून पाच खऱ्यात दोन खोटे असं खोचून विकले. दादरच्या एक बाई दर वर्षी माझ्याकडेच थांबायच्या, त्यांनाही दिले. पुढच्या वर्षी त्यांची गाडी माझ्या मांडवासमोरून गेली आणि शेजारणीच्या मांडवाला लागली. त्या मला काही बोलल्या न्हायत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडणात मी कमी पडत न्हाय. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि प्रकाशने ते पोरीसमोर, त्या परक्या माणसासमोर अंगणात ओतलं. माझी बोलती बंद झाली. रुचिताने पत्रावर सही केली. सर दोन माळा घेऊन गेले, न झटकता.

गप्प बसले ती माझी चूक. मी एकदा खोटं विणलं म्हणून मला बोलायचा हक्क न्हाय, असं मला त्या वेळी वाटलं. आता वाटतं, उलट घरात त्यातलं कळत होतं ते मलाच एकटीला.

तर आठवड्यात इंटरव्ह्यू लागला. आमच्याकडे पडवीतच बसायला लागतं, केबलवाल्याचं नेट तिथेच हाय आणि मोबाइलची रेंजही त्याच खिडकीशी येते. लॅपटॉप केबलवर, आणि कानातला फोन रेंजवर, त्यात तो उत्तरं सांगणारा मुलगा. केसांनी कान झाकलेले. मी कोपऱ्यात माळ विणत होते, लॅपटॉपच्या डोळ्यात मी दिसत नव्हते. समोर एक साहेब होते, वयाने बरे, सावकाश बोलणारे. इंग्रजी मला येत न्हाय, नंतर तिने शब्दन्‌शब्द सांगितला म्हणून मी सांगते. सुरुवातीला नीट चाललं होतं, साहेब विचारत, ही जरा थांबे, मग बोले. ते थांबणं मला ऐकू येत होतं. माझी रुचिता बोलताना थांबत न्हाय, लहानपणापासून तिची गाडी घाटातून उतरल्यासारखी. साहेबांनी पण ते ओळखलं असेल.

मग रेंज गेली. इथे जाते, दिवसातून चारदा जाते, आम्हाला त्याचं काही वाटत न्हाय. कानातला मुलगा गेला आणि साहेब लॅपटॉपवर तसेच. ते विचारत होते, या शेवटच्या कंपनीत तुम्ही काय बनवलंत, आणि बनवताना काय चुकलं ते सांगा. रुचिता गप्प. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, मी वर बघितलं न्हाय, पातीला पीळ घालत राहिले, कारण मी बघितलं असतं तर तिला वाटलं असतं मी काहीतरी सांगतेय. मग ती म्हणाली, सर, मी त्या कंपनीत कधी नव्हते. मी घरी होते. माझ्या आजीचं हाड मोडलं होतं.

साहेबांनी समोरचा कागद परत बघितला. मग त्यांनी विचारलं, मग हे पत्र कोणी दिलं. ती म्हणाली, ते मी विकत घेतलं. साहेब म्हणाले, तुम्ही पहिल्यापासून हे सांगितलं असतं तर आपण बोललो असतो, आधीच्या कंपनीतलं तुमचं अडीच वर्षांचं काम मला चांगलं वाटलं होतं, पण खोटा कागद आला की मला पुढे जाता येत न्हाय, आणि आमच्याकडे परत अर्ज करू नका. बंद झालं. ती तशीच बसली, अंधारलेल्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत. मी पण उठले न्हाय. उठून काय करणार होते, पाठीवरून हात फिरवायचा मला जमत न्हाय.

सरांचा फोन आला, तिलाच ओरडले, तू माझं नाव खराब केलंस, आमच्या मुलाने परत फोन जोडेपर्यंत दोन मिनिटं तुला दम काढता आला न्हाय. प्रकाश ड्युटीवरून आला, त्याला सुनंदाने सांगितलं, तो अंगणात चप्पल न काढता बसून राहिला. माझी त्याने माफी मागितली न्हाय आणि मीही मागू दिली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी रुचिताला म्हटलं, लॅपटॉप ठेव, माझ्यासमोर बस, मी साहेब. ती म्हणाली, आजी, मस्करी नको. मी म्हटलं, मी कधी मस्करी केली. बोल, चौदा महिने काय केलंस. ती म्हणाली, आजीची सेवा केली. मी म्हटलं, सेवा म्हणू नकोस, सेवा देवळात करतात, ऐकणाऱ्याला वाटतं आता ही रडणार. काय केलंस ते सांग. मग ती अडखळत सांगायला लागली, औषधं, मलमपट्टी, दोन डॉक्टर, चार प्रश्न. मी म्हटलं, हां, ते चार प्रश्न सांग, कसे काढलेस ते सांग, तेच तर तुझं काम हाय ना, अडलं कुठे ते शोधायचं. आणि कांद्याच्या प्रोग्रामचं का लिहिलं न्हाय. ती म्हणाली, सर म्हणाले, असलं घरगुती लिहायचं नसतं, हसतात. त्या माणसाला मी अजून एकदा भेटायला पाहिजे.

कारण त्या प्रोग्रामात जे झालं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. पहिल्याच हंगामात एकाच रविवारी अंगणात दोन गाड्या आल्या, एक ठाण्याची, एक पुण्याची, आणि दोन्ही बायकांच्या फोनात एकच माळ. तीच, फोटोतली. दोघींनी एकाच क्षणी बोट दाबलं होतं आणि प्रोग्रामने दोघींना ती विकली. ठाण्याची म्हणते मी आधी, पुण्याची म्हणते आम्ही इतक्या लांबून आलोय, मी खाटेवरून ओरडतेय, भांडू नका, दुसऱ्या घ्या, तर दोघींना दुसरी नको. शेवटी सुनंदाने त्या माळेचे दोन तुकडे केले आणि दोघी तोंड वाकडं करून गेल्या. रुचिता दोन दिवस जेवायला नीट बसली न्हाय, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, सापडलं, आता एकीने माळेवर बोट ठेवलं की ती घेते की सोडते हे ठरेपर्यंत ती दुसरीला मिळणारच न्हाय. त्यानंतर तसं कधी झालं न्हाय. मी म्हटलं, त्या साहेबांनी विचारलं काय होतं, काय चुकलं ते सांगा. हे चुकलं होतं ना. तुझ्याकडे खरी चूक होती, स्वतःच्या हाताने केलेली, स्वतःच्या हाताने सुधारलेली, आणि तू परक्याची उत्तरं कानात घालून बसलीस.

तिने कागद नवा केला. एक ओळ घातली, या काळात घरातल्या माणसाच्या आजारपणामुळे नोकरी सोडली होती, आणि खाली कांद्याचा प्रोग्राम, कोण वापरतं, किती बायका, काय बिघडलं, कसं नीट केलं. रोज दुपारी मी साहेब व्हायचे. ती फार गोड बोलायला लागली की मी म्हणायचे, पुढचा उमेदवार पाठवा. मग ती चिडायची आणि चिडली की सरळ बोलायची. सुनंदा भांडी घासता घासता हसायची, म्हणायची, आत्या, तुम्ही साहेब असता तर कुणालाच नोकरी लागली नसती.

आता खरं बोलली म्हणून नोकरी लागली, असं मी सांगणार न्हाय. तसं लिहू नका. खरा कागद घेऊन ती तीन ठिकाणी बोलली, तिघांनी परत फोन केला न्हाय. चौथ्या ठिकाणी एक मॅडम होत्या, मराठीतच बोलणाऱ्या, त्यांना कांद्याच्या माळेची गोष्ट ऐकून हसू आलं आणि मग त्या तिथेच खोल शिरल्या, दोघींनी एकदम दाबलं तर काय, शंभर जणींनी दाबलं तर काय, मधेच लाइट गेली तर काय. अर्धा तास. रुचिता न थांबता बोलत होती, घाटातून उतरल्यासारखी. एका प्रश्नाला म्हणाली, हे मला माहीत न्हाय, बघून सांगावं लागेल. माझा हात जागेवर थांबला, मला वाटलं गेलं. पण मॅडमनी नुसतं बरं म्हटलं आणि पुढे गेल्या.

मग शेवटी एचआरचा एक माणूस आला, गुळगुळीत, आणि त्याने विचारलं, आता आजीकडे कोण बघतं. हे त्याने हिंदीत विचारलं म्हणून मला समजलं. नितेशला कुणी विचारलं होतं काय, तुझ्या आईकडे कोण बघतं. तिला साखर हाय, पाय सुजतात तिचे. मी काठी हातात घेतली होती, लॅपटॉपसमोर जायला. रुचिताने न वळता हात मागे करून मला थांबवलं आणि त्याला म्हणाली, ती व्यवस्था घरात झालेली आहे, आणि हा प्रश्न तुम्ही मुलांनाही विचारता का. तो म्हणाला, सगळ्यांनाच विचारतो, रीतसर प्रश्न हाय. साफ खोटं. पण त्याच्याकडे कोण पत्र मागतो.

त्यांनी तिला घेतली. पण एक पायरी खालून. म्हणजे नोकरी सोडण्याआधी ती जिथे होती त्याच्याही खाली, चौदा महिने मोजले न्हायतच, वर दंड केल्यासारखं. तिच्याएवढीच वर्षं काम केलेली मुलं तिथे तिला काम सांगतात. नितेश, त्याच सरांचं खोटं पत्र देऊन लागलेला, तो आता दुसऱ्यांचे इंटरव्ह्यू घेतो. घेऊ दे. आणि ते सर अजून क्लास चालवतात, पोरं जातात. तुम्ही हे छापणार असाल तर त्या पोरांसाठी एवढं छापा, की तुमच्या कागदातली जी जागा हे लोक रिकामी म्हणतात, तिथे तुम्ही काय केलंत ते आधी स्वतःला नीट सांगा, कुणाची तरी आजी उभी केली असेल, शेत केलं असेल, नुसतं आजारी पडला असाल, जे असेल ते. ते बोलता आलं पाहिजे, लाज न वाटता आणि रडू न येता. त्याने नोकरी लागेल की न्हाय, मला माहीत न्हाय. पण रेंज गेली तर गप्प बसायची पाळी येणार न्हाय.

रुचिता आता ऐरोलीला राहते, तीन मुली मिळून एक खोली. शनिवारी येते, आली की आधी माझा पाय बघते, मग आईशी बोलते. मी तिला सांगितलंय, तू सुखाने राहा, वर चढ, त्या एचआरवाल्याच्या खुर्चीवर बस, आणि माझ्यासाठी परत नोकरी सोडलीस तर मी तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाय. ती माझी काठी हाताशी आणून ठेवते. प्रकाशला पण बजावलंय, मी पडले तर तिला कळवायचं न्हाय, दवाखान्यात टाका, बाई ठेवा, काय वाटेल ते करा. तो हो म्हणाला. कळवेल तो, मला माहीत हाय, आणि ती येईल, तेही माहीत हाय. म्हणून मी आता विहिरीकडे जातच न्हाय, काठी सोडत न्हाय, फरशी ओली असली की सुनंदाने पुसेपर्यंत दारातच उभी राहते. मला असं जपून चालायचा फार कंटाळा येतो. चालते.